दुसऱ्याच्या शेतासाठी रजा

साबळेबाईंना दार वाजवून आत यायची सवय नव्हती. त्या आधी आत यायच्या, मग खुर्ची ओढायच्या, तिच्यावर स्वतःची भलीमोठी कापडी पिशवी ठेवायच्या आणि आपण उभ्या राहायच्या. "बसा ना," म्हटलं तर म्हणायच्या, "बसले की माझा राग उतरतो. आधी बोलून घेते." मग पाचेक मिनिटं समोरच्याची बिनपाण्याने व्हायची. ते उरकलं की पिशवीतून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी निघायची आणि ज्याला आत्ता झापलं त्याच्याच हातावर पहिली मूठ पडायची. माझ्या हातावर अशा किती मुठी पडल्या ते मी सांगणार नाही. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, त्याला कारण साबळेबाईच असणार असा माझा संशय आहे.

तळेगावच्या पुढे एमआयडीसीत आमची कंपनी. मालक इटलीचे. मोटारीच्या दाराला कडेने काळी रबरी पट्टी असते, जिच्यामुळे पावसाचं पाणी आत येत नाही, ती आम्ही बनवायचो. मी, देसाई, डिस्पॅचला होतो. म्हणजे पट्ट्या वेळेवर पोचल्या नाहीत की गाड्यांच्या कारखान्यातून शिव्या खाणारा पहिला मानकरी. कालिंदी साबळे या पर्सोनेलच्या प्रमुख. आता त्याला एचआर म्हणतात, पण बाईंनी तो शब्द कधी तोंडात येऊ दिला नाही. "रिसोर्स देसायांच्या गोडाउनमध्ये असतो. मी माणसं बघते," असं त्या भर मीटिंगमध्ये पाहुण्यांसमोर म्हणायच्या.

बाई लोणावळ्याच्या. वडील रेल्वेत, खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून जे जादा इंजिन लागतं त्याचे ड्रायव्हर. त्यामुळे घरात घड्याळ पाळायची शिस्त आणि इंजिनाच्या आवाजावर मात करेल असा गळा, दोन्ही वारशाने आलेलं. अंगावर सुती साडी आणि पायांत शॉपफ्लोअरवरचे जाडजूड बूट. इटलीहून आलेल्या एका पाहुणीने त्या बुटांकडे निरखून बघितलं तेव्हा बाईंनी पदर खोचून पाय पुढे केला आणि इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, फॅशन इज फॉर ऑफिस. आय अ‍ॅम फॉर फॅक्टरी." बाईंचं इंग्रजी मराठीच्या रुळांवरून धावायचं, पण धावायचं भरधाव. त्या इंग्रजीत त्यांनी नाही म्हटलं की इटलीपर्यंत नाहीच ऐकू जायचं.

नवीन माणूस कामाला लागला की त्याला बाईंचा पहिला प्रश्न, कुठल्या वाडीतला? त्याला कारण होतं. कंपनी उभी राहिली ती आसपासच्या गावांच्या जमिनीवर. जमीन गेली त्या घरातल्या एकाला कायमची नोकरी मिळाली होती. नदीच्या अंगाला जी थोडी खाचरं उरली, त्यांत लोक भात लावत. त्यामुळे आमच्या कंपनीत जून महिना गोडीगुलाबीने सरायचा आणि जुलै उजाडला की लाइन लंगडायला लागायची. लावणीसाठी रजा मागितली तर मिळत नसे, म्हणून लोकांना ताप यायचे. नातेवाईक दगावायचे. जुलैत आमच्या कामगारांच्या जितक्या आत्या वारायच्या तितक्या आत्या अख्ख्या मावळात नसतील. मी वैतागायचो, कारण माझ्या गाड्या गेटवर अर्ध्या रिकाम्या उभ्या राहायच्या.

बाईंनी हे मनावर घेतलं. "खोटं बोलायला लावणारा नियम वाईट असतो," असं म्हणून त्यांनी पाळी लावली. दर माणसाला त्याच्या शेतासाठी तीन दिवस हक्काची रजा, आणि एका मशीनवरचे दोघं एकाच वेळी जाणार नाहीत. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. तोनेल्लोसाहेब, म्हणजे इटलीहून आलेले आमचे प्लँटचे डायरेक्टर, त्यांनी तर बाईंशी हात मिळवला. जुलै आला, लोकांनी आपापली रजा घेतली, हसत परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गायब झाले. आत्या पुन्हा वारायला लागल्या. त्या वर्षीइतका वाईट जुलै कंपनीने पाहिला नव्हता.

बाईंचा खरा राग मी त्या दिवशी पाहिला. "देसाई, गाडी काढा," एवढंच बोलल्या. इंदुरीच्या बाजूला बबन काशीद राहायचा, रबर गरम करून साच्यातून ओढणाऱ्या मोठ्या मशीनवरचा आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. तो घरी नव्हता. त्याच्या स्वतःच्या खाचरातही नव्हता. भलत्याच खाचरात, गुडघाभर चिखलात, पंधरा-वीस माणसांच्या ओळीत वाकलेला सापडला. बाई बांधावर उभ्या राहिल्या.

"बबन, तुझी रजा गेल्या आठवड्यात झाली ना?"

"व्हय मॅडम. घेतली की."

"मग लावणी का नाही झाली?"

"एकट्यानं कशी व्हनार? म्या आन् बायकोनं मिळून एक तुकडा लावला. आज ह्ये भाऊंचं खाचर हाय, उद्या खालच्या आळीचं. माजं बेस्तरवारी."

"म्हणजे दुसऱ्याच्या शेतासाठी तू कामावर दांडी मारलीस?"

बबनने हातातलं रोप लावलं. बोलले ते खाचराचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत होते ते म्हातारे गृहस्थ. "बाई, ही सावड हाय. आज त्यो माज्या खाचरात आला न्हाई, तर बेस्तरवारी त्याच्या खाचरात कुनी पाय ठेवायचं न्हाई. आन् रोप का थांबतंय व्हय?"

बाई खाली बसल्या, बूट काढले, साडीचा ओचा खोचला आणि सरळ चिखलात उतरल्या. भाऊ म्हणाले, "आवो, कापडं भरतील." "भरू द्या भाऊ. मी काय चूक केली ते मला नीट कळू दे." बबनच्या बायकोने त्यांच्या हातात रोपाची मूठ दिली. बाईंची पहिली रोपं पाण्यावर तरंगली. बायका हसल्या, बाईही हसल्या, पण दुपार कलेपर्यंत ओळीतून उठल्या नाहीत. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. माझ्या पँटला इस्त्री होती.

परत येताना त्या चिखलाच्या पायांनी माझ्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येकाला त्याच्या शेतासाठी रजा दिली मी. त्याला ती लागते दुसऱ्यांच्या शेतासाठी. आणि ज्यांची सावड एक त्यांना नेमकं वेगवेगळ्या दिवशी सोडलं. लोणावळ्यात जन्म गेला देसाई, आणि हे मला ठाऊक नाही. लाज वाटते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "असू दे. दुरुस्त करू."

पण तोनेल्लोसाहेबांचा धीर संपला होता. कायम कामगार निम्म्यावर आणायचे आणि उरलेली लाइन ठेकेदाराच्या परप्रांतीय माणसांवर चालवायची, असं त्यांनी ठरवलं. साहेब वाईट नव्हते. वेळेवर येणारे, कामगारांच्या कॅंटीनमध्ये जेवणारे गृहस्थ. पण त्यांच्या डोक्यावर इटलीची मंडळी बसलेली आणि आमच्या डोक्यावर ते. जमिनी देऊन नोकरी घेतलेल्या निम्म्या घरांवर घरी बसायची वेळ आली होती. बाई दार न वाजवता आत गेल्या. बाहेर मला एवढंच ऐकू आलं, "सर, गिव्ह मी अप टु ऑगस्ट एंड." साहेबांनी मुदत दिली. ऑगस्टमध्ये बाई असा काय दिवा लावणार, हे त्यांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

बाईंनाही ठाऊक नव्हतं असं माझं मत आहे. पण ऑगस्ट आला आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या पट्टीचा साचा तडकला. नवा साचा पुण्यात करून मिळत होता, फक्त त्याच्या नकाशावर इटलीतून मंजुरी हवी होती. मी मेल केली. उत्तर आलं, रजेवर आहे. दुसऱ्याला केली, रजेवर. फोन केले, नुसत्याच वाजत राहिल्या घंट्या. साहेबांनी स्वतः फोन केले. त्यांचं अख्खं मुख्य कार्यालय कुलूप लावून समुद्रावर गेलं होतं. आमची ती लाइन जुलैत बंद पडली नव्हती इतका काळ ऑगस्टमध्ये ठप्प झाली. गिऱ्हाईक मला फोनवर जे बोललं ते इथे लिहिता येणार नाही.

या काळात बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. मंजुरी आली, साचा बसला, पट्टी पुन्हा निघू लागली, तेव्हा त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. मला बरोबर नेलं होतं, साक्षीदार म्हणून असेल. त्यांनी विचारलं ते अगदी सरळ. तुमच्या ऑफिसातली माणसं कुठे होती?

"ऑगस्ट आहे," साहेब म्हणाले. "आमच्याकडे सगळे सुट्टीवर जातात."

"सगळे एकदम? पाळीपाळीने का नाही जात?"

"पाळीपाळीने कसे जातील? आईवडील, भाऊ, मित्र, सगळे तेव्हाच तिथे असतात. एकट्याने जाण्यात काय अर्थ..."

वाक्य तिथेच थांबलं. साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आमची माणसं चिखलात जातात, सर. पण तीही सगळी एकदम." आणि पिशवीतून शेंगदाणे काढले.

साहेब हसले नाहीत. पण कॅलेंडर काढलं. कारखान्याची वार्षिक दुरुस्ती नाताळात व्हायची, तेव्हा सगळी मशीनं बंद असायची. ती आठ दिवसांची दुरुस्ती जुलैत आणायची, असं बाईंचं म्हणणं. "आणि माझा नाताळ?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही खुशाल घरी जा. लाइन आमची माणसं चालवतील." साहेबांनी दोन अटी घातल्या. सुट्टीआधी पुरेसा माल तयार करून ठेवायचा, आणि सुट्टी संपली की पहिल्या दिवसापासून लाइन भरलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर ठेकेदार. बाई म्हणाल्या, "नाही दिसली तर ठेकेदार माझीही खुर्ची घेऊन जाईल." कुणी मागितलं नसताना हे कशाला बोलायचं? मी जिन्यात त्यांना तसं म्हटलंही. "देसाई, लोकांची नोकरी पणाला लावून मी आपली कोरडी राहू?" असं म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

पुढच्या जूनमध्ये लोकांनी रविवारीसुद्धा काम केलं. कुरकुर न करता केलं. माझं गोडाउन छतापर्यंत भरलं, मग पट्ट्या सायकल स्टँडमध्ये आल्या, मग कॅंटीनमध्ये. आम्ही रबराच्या वासात पोळीभाजी खाल्ली. ठरल्या दिवशी मशीनं बंद झाली, लोक घरी गेले आणि पाऊस दडी मारून बसला. विहिरीच्या पाण्यावर रोप तयार, माणसं तयार, पण खाचरात चिखलणीपुरतंही पाणी नाही. आठ दिवस माणसं आभाळाकडे बघत बसली. सुट्टीच्या शेवटच्या दुपारी तो असा कोसळला की संध्याकाळपर्यंत खाचरं तुडुंब.

साहेबांनी बाईंना फोन करून सांगितलं, पाऊस आपल्या करारात नव्हता. बाई म्हणाल्या, हो, नव्हता. आणि फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "गाडी काढा."

बबनच्या गावात देवळासमोर माणसं जमली. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. उद्या कामावर गेलं तर रोप वाया जाणार होतं आणि शेतात गेलं तर नोकरी. बाई मधोमध उभ्या राहिल्या. "माल भरपूर आहे, त्यामुळे रात्रपाळी बंद ठेवायला साहेबांना मी तयार करते. उरल्या दोन पाळ्या. पहिल्या पाळीने दुपारनंतर लावायचं, दुसरीने सकाळी. गावाची सावड राहू दे बाजूला. पाळीची सावड करा."

गलका झाला. भाऊ काठी आपटून म्हणाले, "आसं कुटं आस्तंय? सावड वाडीत आस्ती, भावकीत आस्ती. परगावच्या मानसाच्या खाचरात मी कशाला जाऊ, आन् त्यो माज्यात का येईल?"

बाईंनी बबनला विचारलं, "तू चहाला गेलास की तुझं मशीन कोण बघतं?"

"सुनंदा."

"तिच्या गावचा आहेस तू?"

"न्हाई. ती पार नदीपल्याडची."

"ती जेवायला गेली की तिची जागा?"

"म्याच की."

"मग इतकी वर्षं काय करताय तुम्ही?" बाईंचा आवाज चढला. "आपलं सोडून दुसऱ्याचं बघता, रोज बघता. आणि चिखलात उतरायची वेळ आली की गाव आठवतं? उद्या लाइनवर तुमच्या जागी ठेकेदाराची कुठली माणसं उभी राहतील ते मी बघून आलेय. त्यांना तुमची वाडी ठाऊक नाही आणि तुम्हाला त्यांची."

मला वाटलं, संपलं. आणि मग बायकांच्या घोळक्यातून सुनंदा उठली. अंगाने बारीक, कधी चार शब्द न बोलणारी बाई. "भाऊ, उद्या पाळी सुटली का मी अन् आमच्या पाळीच्या समद्या तुमच्या खाचरात येतो. तुमी फकस्त चिखलनी करून ठेवा. आमच्याकडं कवा यायचं ते तुमचं तुमी ठरवा." भाऊंनी काठी खाली टेकवली. "कवा म्हंजे? परवा येतो की," म्हणाले. साबळेबाईंनी पदराने तोंड पुसलं. रडल्या असं मी म्हणणार नाही, कारण त्या माझं बोलणं कुठूनही ऐकतील.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. दुपारी पहिली पाळी सुटायची आणि कंपनीच्या बस गावाऐवजी बांधापाशी थांबायच्या. सकाळची माणसं खाचरातून निघून नळावर पाय धुऊन दुसऱ्या पाळीला उभी राहायची. काहींच्या पोटऱ्यांवर चिखल तसाच वाळलेला असायचा. बाई सकाळी खाचरात आणि मग ऑफिसात, साडीचा काठ ओला. पॅकिंगवर एक पोरगी उभ्या उभ्या पेंगली, तर तिला बाकावर बसवून बाईंनी स्वतः तिच्या जागी पट्ट्या गुंडाळल्या. तोनेल्लोसाहेब रोज गेटवर उभे राहायचे. बस भरलेल्या यायच्या. एका सकाळी ते बाईंच्या पायांकडे बघून म्हणाले, "हे अजून किती दिवस?" बाई म्हणाल्या, "रोप संपेपर्यंत, सर." माझी एकही गाडी रिकामी गेली नाही. ठेकेदाराचा विषय पुन्हा निघाला नाही. एकाही माणसाची नोकरी गेली नाही.

गेली ती बाईंची, पण पुढे काही वर्षांनी, आणि या भानगडीशी संबंध नसताना. तोनेल्लोसाहेब मायदेशी गेले, नवे आले. माणसांचं खातं मुंबईहून चालवायचं ठरलं आणि बाईंना सल्लागार की काय असं गोड नाव देऊन बाजूला बसवलं. बाईंनी बसायला नकार दिला. निरोपाच्या चहाला त्यांनी नव्या साहेबांना एवढंच विचारलं, जुलैची दुरुस्ती जुलैतच राहील ना? राहील, म्हणाले, आता ती पद्धतच आहे. "मग झालं," म्हणून बाई निघाल्या. मला मात्र वाईट वाटलं, अजून वाटतं. ज्या बाईने इतक्यांना कायम ठेवलं, तिला कायम ठेवायचं कुणाला सुचलं नाही. त्या चाकणच्या बाजूला एका कोरियन कंपनीत लागल्याचं कानावर आलं.

गेल्या जुलैत इंदुरीकडून येत होतो. आमचीच पहिली पाळी खाचरात वाकलेली. त्या ओळीत सुनंदाच्या बाजूला एक उंच पाठ ओळखीची वाटली. मी गाडी थांबवून हाक मारली.

"थांबा देसाई, ओळ मोडते," पाठीने न वळता उत्तर दिलं.

ओळ मागच्या बांधाला टेकल्यावर साबळेबाई वर आल्या. केस पांढरे झाले होते. आवाज तोच. मी म्हटलं, "तुम्ही इथे? नव्या कंपनीत रजा मिळाली?"

"मागितली. साहेब म्हणाले, तुमचं शेत कुठे आहे? म्हटलं, शेत नाही मला. म्हणाले, मग लावणीची रजा कशाला?"

"मग?"

"मग मी सांगायला लागले. एका दिवसात त्यांना कुठे कळतंय? निम्मं कळलंय, तेवढ्यावर दोन दिवस मिळाले. पुढच्या जुलैच्या आत उरलेलं कळेल, नाहीतर मी आहेच." त्या खाचराकडे वळल्या. "चला, निघा तुम्ही. उद्या नदीपल्याड सुनंदाकडे आहे."

बायका पुढच्या तुकड्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. सुनंदाच्या शेजारी एका माणसापुरती जागा त्यांनी सोडली होती. बाई तिथे जाऊन वाकल्या आणि ओळ मागे सरकू लागली.